सत्तर पानांचा पुडा

शबानाला बसून गणित सुटत नसे. गडचिरोलीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत ती दारापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालत गणित सोडवायची, आणि मी वाटेत पाय पसरून बसले असले तर मला ओलांडून जायची. जेवता जेवता मध्येच उठून उष्ट्या हाताने वही उघडायची. मी तिला 'भिंगरी' म्हणायचे. पुढे कॉलेजातही तेच नाव पडलं.

बरं, उत्तर आल्यावर तरी माणसाने स्वस्थ बसावं! "आलं तं आलं, पन काऊन आलं?" असं पुटपुटत ही तेच गणित दुसऱ्या रीतीने मांडायला घ्यायची. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी तिच्या या 'काऊन'ला वैतागले आणि त्याच्याच जिवावर पास झाले. सावली गावात तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. पोरीने एखाद्या कचेरीत चिकटावं, एवढंच त्यांचं म्हणणं. हिला मात्र हायस्कूलला गणित शिकवायचं होतं, दुसरं काही नाही. अब्बांच्या समाधानासाठी तिने बी.एड. करता करता माझ्यासोबत कारकुनाच्या परीक्षेचा फॉर्म तेवढा भरला.

बी.एड.चा सराव पाठ तिला हेमलकशापलीकडच्या एका आश्रमशाळेत मिळाला. नववीचा वर्ग, समीकरणं. पुस्तकातले पेरू काढून हिने हौसेने विडीचा तेंदूपत्ता घातला: एका पुड्यात शंभर पानं; काही पुडे आणि वीस सुटी पानं मिळून सातशेवीस, तर पुडे किती? एक मुलगी लगेच म्हणाली, "दहा." शबाना म्हणाली, चूक, सात. तिने तीनदा समजावलं, पण वहीत कोणी सात लिहीना. मागे बसलेले परीक्षक घड्याळ बघायला लागले. शेवटी तीच मुलगी उभी राहिली. "मॅडम, पुडा सत्तरचा राह्यते. शंभरचा बांधला तं फडीवर घेत नाई."

उन्हाळाभर जंगलात पानं तोडून, पुडे बांधून फडीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, नेणारी पोरं ती. हिने फळ्यावरचे शंभर पुसले, सत्तर लिहिले आणि सगळा तास त्या मुलीच्या 'दहा'वर काढला. पाठ टाचणाबाहेर गेला म्हणून परीक्षकांनी गुण कापले. खोलीवर येऊन तिने ही हकिगत मला चालत चालत तीन वेळा सांगितली. "त्या पोरायले गणित येत होतं. मलेच पुडा येत नव्हता."

पुढे कारकुनाची परीक्षा आम्ही दोघी पास झालो. नेमक्या त्याच आठवड्यात त्या आश्रमशाळेतून तिला तासिकेवर शिकवायला बोलावणं आलं. तासिकेवर म्हणजे दरवर्षी नवी ऑर्डर, आली तर आली. आठ दिवस तिला ना जेवण गोड लागलं ना झोप. मला तिच्याबद्दल भीती वाटायला लागली. मी गुपचूप फोन करून अब्बांना बोलावून घेतलं. ते आले, खूप बोलले, शेवटी रडले. तिने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेकडे जाणाऱ्या भामरागडच्या गाडीत जाऊन बसली. खिडकीतून मला म्हणाली, "माह्या भल्यासाठीच केलं असशीन. पन मले इचाराचं होतं."

मी कारकून झाले. अब्बा आता तिच्याशी मोजकंच बोलतात. तिची खबर मला विचारतात.

यंदा शाळा सुरू झाल्यावर मी तिला फोन केला. ऑर्डर आली का म्हणून विचारलं.

"नाई आली."

"मग आहेस कुठे?"

"शाळेतच. दहावीची पोरं येऊन बसली, मंग का करू?"

मला तिची काळजी वाटली. खरं सांगायचं तर हेवा जास्त वाटला. माझ्यासाठी कोणी असं येऊन बसलेलं नाही.

"अब्बांना काय सांगू?" मी विचारलं.

ती म्हणाली, "ऑर्डरचं नोको सांगू. शिकवून राह्यली, एवढंच सांग."