मॅटखालची माती

स्कूटरचं मॅट उचललं आणि पाय ठेवायच्या जागेवर बोट फिरवलं. बोटाला राखाडी, गुळगुळीत माती लागली. रस्त्यावरची धूळ हाताला खरखरीत लागते. ही नदीची माती होती.

“पुराची गाडी हाय ही,” मी म्हणालो.

माझ्या मागे दोघं उभे होते. गाडी विकायला आलेले अण्णा आणि विकत घ्यायला आलेल्या वैशालीताई. अण्णा म्हणाले, “ओ पावणं, काय बी काय बोलताय?”

मी बोट त्यांच्यासमोर धरलं.

“माती हाय की. माती न्हाय म्हणतंय कोण? पण पुराची न्हाय.”

मी वहीत लिहायला लागलो होतो.

आधी हे वहीचं सांगायला हवं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज आणि नंतर कळंबा रोडला सलीममामांच्या गॅरेजमध्ये काम. आमच्याकडे जुनी गाडी घेण्याआधी लोक ती मिस्त्रीला दाखवून घेतात. विकणारा आणि घेणारा दोघंही सोबत येतात. मिस्त्री गाडी तपासून ‘घ्या’ किंवा ‘नको’ सांगतो आणि बहुतेक वेळा व्यवहार त्या एका शब्दावर ठरतो. मामांचे गुडघे दुखायला लागल्यापासून हे चेकिंग माझ्याकडे आलं. मी त्यासाठी एक वही केली. गाडीचा नंबर, टायर, ब्रेक, ऑइल, आणि शेवटच्या रकान्यात ‘घ्या’ किंवा ‘नको’. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काही लिहिलं की घरच्यांना आणि मामांनाही ते पक्कं वाटतं. मला स्वतःला तेवढं कधीच वाटत नाही.

वैशालीताई शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये वॉर्डात मावशी म्हणून काम करतात. राहायला कळंब्याच्या पुढे, एका वाडीवर. सकाळची ड्युटी सहाला सुरू होते आणि त्यांच्या फाट्यावर पहिली बस येते साडेसहाला. इतके दिवस शेजारच्या एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायच्या. त्याची बदली झाली. त्या आठवड्यात चार दिवस त्यांना उशीर झाला होता आणि वॉर्डच्या सिस्टरांनी सांगितलं होतं, सोमवारपासून वेळेत जमत असेल तर या, नाहीतर दुसरी बाई बघते. तो शुक्रवार होता. आधी बघितलेल्या दोन गाड्यांवर त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. या गाडीवर टेकत होते.

“दादा, अगदीच चालणार न्हाय का?” त्यांनी विचारलं.

“आज चालंल. पण महिन्याभरात कुठं बंद पडंल सांगता येत न्हाय. घेऊ नका.”

मी असं ठामपणे बोललो याला कारण होतं. आदल्या वर्षी पूर ओसरल्यावर दोनेक महिन्यांनी एक लाल स्कूटर तपासायला आली होती. पॉलिश केलेली, नवं सीट कव्हर, इंजिनचा आवाज छान. मी ‘घ्या’ लिहिलं. घेणारा कुरिअर वाटणारा माणूस होता. तीन आठवड्यांनी ती गाडी पार्सलांसकट चढावर बंद पडली ती पडलीच. खोलली तर आत सगळीकडे गाळ. पुराच्या पाण्यात गाडी दिवसभर बुडून राहिली की पाणी नको तिथं शिरतं. वायरी जिथं एकमेकींना जोडलेल्या असतात त्या कनेक्टरमध्ये शिरतं, आतलं तांबं हिरवं पडतं आणि गाडी हळूहळू आतून मरते. बाहेरून काही दिसत नाही. तो माणूस भांडला नाही. “तुम्ही बघितली होती न्हवं?” एवढंच म्हणाला. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तेव्हापासून बोटाला अशी माती लागली की मी ‘नको’ लिहायचो.

अण्णा मूळचे शिरोळ भागातले. आता कळंब्याला मुलाकडे राहायला आले होते. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गाडी विकायची. थोड्या वेळापूर्वी मुलानंच ती आणून सोडली होती. शिरोळ म्हटल्यावर माझी उरलीसुरली शंकाही गेली होती. तिथं दर काही वर्षांनी पाणी गावात येतं हे सगळ्यांना माहीत आहे.

अण्णांनी खिशातून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ नेऊन मुलाला फोन लावला. “ये रे, गाडी न्यायला ये. हितं आपली गाडी बुडलेली ठरली.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात सलीममामा नमाज पढून परत आले. तिघांची तोंडं बघून त्यांना अंदाज आला.

“काय लिवलंस?”

“नको.”

“का?”

“मॅटखाली गाळ हाय. पुराची हाय.”

“ऑइल बघितलंस?”

“व्हय. काळं हाय.”

“दुधासारखं न्हाय झालं?”

“न्हाय.” इंजिनात पाणी गेलं की ऑइल चहात दूध ओतल्यासारखं दिसतं. पण ते बदललेलंही असू शकतं. मी तसं म्हणालो.

“बरोबर. मग फुडं काय खोललंस?”

“काय न्हाय.”

“म्हंजे मॅट उचललंस आणि निकाल लावलास. अण्णांना इचारलंस का, माती कुठनं आली?”

मी विचारलं नव्हतं. मामांनी अण्णांना स्टूल दिलं आणि स्वतः विचारलं.

अण्णा म्हणाले, “दर रविवारी म्हस धुवायला नदीवर न्यायचो. फुडं पोरगं म्हशीबरोबर चालत, मागनं मी गाडीवर. म्हस धुऊन झाली की गाडी धुवायची. बादलीनं पाणी मारायचं. नळाच्या पाण्यात असली चकाकी येत न्हाय.”

“पावसाळ्यात बी?”

“मग? पावसाळ्यातच तर जास्त चिखल व्हतोय.”

मामा हसले. “म्हंजे गढूळ पाण्यानं गाडी धुतलीसा वर्षानुवर्षं. आणि पूर आल्यावर कुठं ठेवायचा?”

“शाळंच्या वरच्या मजल्यावर. चौघं लागायची जिन्यानं चढवाय. आधी म्हस ट्रॉलीत, मग गाडी शाळंत, मग आमी. एक थेंब लागू दिला न्हाय.”

वैशालीताई एवढा वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्या पहिल्यांदा हसल्या. मग लगेच त्यांची नजर माझ्या वहीकडे गेली.

मामा मला म्हणाले, “अण्णा खरं बोलत्यात का खोटं, ते मलाबी ठावं न्हाय. गाडीला इचार. पुराचं पाणी एकजागी थांबतंय. त्याला एक पातळी असती. ते जिथवर आलं तिथवर आतनं, बाहेरनं, सगळीकडं गाळ सोडतंय. धुतल्याल्या गाडीला गाळ खालीच घावतोय. आता खालनं वर खोलत जा.”

मी पाने घेतले. मागच्या चाकाजवळ गाळ होता. स्टँडच्या सांध्यात होता. त्याच्या वर एअर फिल्टरचा डबा असतो, म्हणजे इंजिन ज्यातून श्वास घेतं तो. झाकण काढलं. आतला कागद धुळीनं मळलेला, पण कोरडा. गाळाचा डाग नाही. सीटखालचे कनेक्टर सोडवले. तांबं लख्ख. हॉर्न काढला, त्याच्या पोटात काही नाही. शेवटी हेडलाइटसमोरचं कव्हर सोडवलं. त्याचे स्क्रू इतके गच्च होते की हे कव्हर बऱ्याच वर्षांत कुणी उघडलेलं नव्हतं हे कळत होतं.

आत, वायरींच्या जुडग्यामागे, कोळ्याचं जाळं होतं. धूळ बसून जाड झालेलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अखंड.

मामांनी वाकून बघितलं. “ह्यो कोळी काय पवणारा न्हाय दिसत.”

अण्णा स्टुलावरून उठून आले. एक डोळा बारीक करून त्यांनीही जाळं बघितलं. पुन्हा फोन काढून मुलाला म्हणाले, “ऱ्हाऊ दे, येऊ नको.”

“अण्णा, चुकलं माझं. आधी इचारायला पायजे होतं,” मी म्हणालो.

“म्हस घेताना आमी दात बघतोय, कास बघतोय,” अण्णा म्हणाले. “अंगाला चिखल हाय म्हणून रोगट म्हटलं तर बाजारात एक बी म्हस खपायची न्हाय.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पर बघितलंस शेवटी. ते बरं केलंस.”

गाडी निर्दोष होती असं मात्र नाही. नदीवरच्या अंघोळींनी आपलं काम केलंच होतं. मागचं चाक फिरवलं तर कुरकुर आवाज आला. बेअरिंग गेलं होतं. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी जाऊन आतला तुकडा गंजला होता, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर चिकटून बसायचा. हे मी दोघांसमोर सांगितलं. या वेळी हातात धरून दाखवलं. अण्णा म्हणाले, “ते माझ्यामुळं झालंय, मीच करून देतो.” संध्याकाळपर्यंत मी दोन्ही कामं केली.

एक गोष्ट राहिली होती. मुलानं गाडी चालवत आणल्यामुळे इंजिन गरम होतं आणि गरम इंजिन कुणाचंही पटकन सुरू होतं. जुन्या गाडीची खरी परीक्षा गार असताना. म्हणून गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली आणि वैशालीताईंना शनिवारी सुट्टी होती, तेव्हा सकाळी लवकर बोलावलं.

त्या आल्या तेव्हा अण्णाही येऊन बसले होते. मी सवयीनं किल्लीकडे हात नेला. मामा म्हणाले, “तू न्हाय. त्यास्नी करू दे. सोमवारी पहाटे तू जाणार हायस व्हय त्यांच्या वाडीवर?”

वैशालीताईंनी ब्रेक धरून बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे. अण्णा म्हणाले, “घाई करू नका. सकाळी तिला जरा येळ लागतो.” ताईंनी पुन्हा बटण दाबलं. गाडी सुरू झाली. पांढरा धूर नाही, खडखड नाही. मग बंद करून मी त्यांच्याकडून किकनंही सुरू करून घेतली, कारण बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. दुसऱ्या किकला सुरू झाली. त्या गाडीवर बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

मी वहीतला ‘नको’ खोडून ‘घ्या’ लिहिलं. खोडलेला शब्द वाचता येतो. तो मी मुद्दाम नीट खोडला नाही.

याला आता आठ महिने झाले. गाडी दोनदा सर्व्हिसिंगला आली. एक पंक्चर आणि एक बल्ब, बाकी काही नाही. वैशालीताई सकाळच्या ड्युटीवरच आहेत. अण्णा मधूनमधून गॅरेजात येऊन बसतात. एकदा त्यांची आणि ताईंची गाठ पडली.

“धुता न्हवं गाडी?”

“धुते की अण्णा. नळाला.”

“म्हणूनच असली दिसतीया,” अण्णा म्हणाले.

मी ती वही नंतर एकदा मागून पुढे चाळली. लाल स्कूटरनंतरच्या पानांवर नऊ ‘नको’ निघाले. त्यातल्या सहांपुढे कारण म्हणून फक्त ‘माती’ असं लिहिलेलं आहे. त्यातल्या किती गाड्या खरंच बुडालेल्या होत्या, मला माहीत नाही. चुकीच्या ‘घ्या’ची तक्रार घेऊन माणूस परत येतो. चुकीच्या ‘नको’ची तक्रार घेऊन आजवर एकही आलेला नाही. त्यामुळे ‘नको’ लिहायच्या आधी आता मी हेडलाइटचे स्क्रू सोडवतो. वीस मिनिटं जास्त लागतात.