प्रोसेसर बदलायचा की नाही

मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिने काढलेल्या घराचं थ्रीडी चित्र फिरवायला घेतलं की आमच्या हॉलमधला जुना कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायचा. मी वाळूजच्या एका कारखान्यात मशीनच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही यंत्राचा निर्णय माझ्याकडेच येतो. पैठण गेटजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं दोन मार्ग सांगितले. आहे त्याच मदरबोर्डावर बसणारा, त्या पिढीतला सगळ्यात ताकदीचा प्रोसेसर जुन्या बाजारात मिळत होता. नवा घ्यायचा तर बोर्ड बदला, रॅम बदला, म्हणजे जवळजवळ नवाच कॉम्प्युटर. माझं मन पहिल्याकडे झुकलं होतं. त्याला तो बाजूला ठेवायलाही सांगितलं होतं.

एका रविवारी सकाळी मुलीनं हाक मारली. "पप्पा, मी अजून काही उघडलंच नाहीये. तरी हे बघा."

प्रोसेसरचा आलेख पार वर टेकला होता. खाली चालू असलेल्या प्रोग्रामांची नावं होती आणि सगळ्यात वर माझा प्रोग्राम होता, आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा.

वडील गेल्यावर आई गावाकडून, पिशोरहून, आमच्याकडे आली. गेल्या वर्षी ती पलंगावरून उतरताना पडली. आम्ही नवरा-बायको नोकरीवर, मुलगी कॉलेजात. म्हणून मी कॅमेरा बसवला. कॉम्प्युटर दिवसभर ते चित्र तपासत राहायचा आणि आई जागची उठली की माझ्या मोबाईलवर सूचना यायची; हवं तेव्हा तिथं चित्रही बघता यायचं.

"म्हणून तर मोठा प्रोसेसर हवा," मी म्हणालो. "दोन्ही कामं ओढेल."

"आधी हे बंद करून तर बघू. मशीन अडली की तुम्ही पण आधी लोडच काढता ना?"

तिचं बरोबर होतं. तिनं प्रोग्राम बंद केला, मी आत जाऊन कॅमेऱ्याची पिन काढली. हॉलमधून तिचा आवाज आला, "चाललं, पप्पा! मस्त फिरतंय!" मी वळणार तेवढ्यात आई म्हणाली, "गेला का रं त्यो?"

"कोण?"

"त्यो लाल दिवा."

"हो. बंद केलाय थोडा वेळ."

"नक्की ना?" तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, मान खाजवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मी बघतच राहिलो. मोबाईलवर ती मला रोज दिसायची, ताठ बसलेली, डोक्यावर पदर. तब्येत सुधारली, असं मला वाटायचं.

"दिवसभर पदर कशाला घेतेस, आई? घरात असतं कोण?"

"घरात कोन बी नाय. तुझ्या कंपनीतली मान्सं हायेत की."

मग मला आठवलं. कॅमेरा नवा होता तेव्हा कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर आईचं चित्र चार जणांना दाखवलं होतं. मला आपली कारागिरी दाखवायची हौस. वर संध्याकाळी तिला सांगितलंही होतं, "सगळे म्हणाले, तुमच्या आई या वयातही किती ताठ बसतात." तेव्हापासून तिनं दिवसा पाठ टेकली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला घोर नको म्हून. पर लई झालं बाबा. सासऱ्याम्होरं बी इतका पदर धरला नव्हता म्या. त्ये निदान शेतात तरी जायचे."

हॉलमध्ये मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

"आणि परत पडलीस तर?"

"पडले तर त्यो दिवा काय उचलून धरनार हाय मला?"

कॅमेरा आईसाठी आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. खरं म्हणजे कामावर असताना माझा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून तो होता. मोठा प्रोसेसर आणला असता तर मुलीचं चित्रही फिरलं असतं, कॅमेराही चालला असता आणि ती तशीच बसून राहिली असती.

दुकानदाराला मी प्रोसेसर नको म्हणून कळवलं आणि कॅमेरा उतरवून ठेवला. शेजारच्या वहिनींना दुपारी एकदा डोकावायला सांगितलं आणि आईच्या उशाशी फोन ठेवला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. कॅमेरा असता तर एका नजरेत कळलं असतं, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला, तो मी लपवणार नाही. पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. आवाज जड होता.

"आत्ता कुठं डोळा लागला व्हता रं! रोज ह्याच टायमाला करनार हायेस का?"

"नाही. कधी करू, तू सांग."

"चारला कर. तवा उठलेली असते मी."