टोळी गेली, ती राहिली

सोमेश्वरनगरच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली, तेव्हा एका बाईला मी मुकादमाची बायको समजून वाकून नमस्कार घातला. ती बोलायचीच तशी, की बैलसुद्धा सरळ उभे राहायचे. "नमस्कार ऱ्हाऊ द्या दादा, दूध द्या," ती म्हणाली. तेव्हापासून रोज कमरेवर हात ठेवून आमच्या दुधाला पाणचट म्हणायची आणि तेच न्यायची.

परवा तिच्या पोरीला गोवर निघाला आणि नेमकी टोळी शेळगावला निघाली. मुकादम ओरडला, "बस ट्रॅक्टरात!" ही कोपीच्या दारात लिंबाचा डहाळा खोचून आडवी उभी राहिली. "पोरीच्या अंगावर आईसाहेब आल्यात. त्यांना घिऊन गाव बदलत न्हाईत. तितल्या लेकरांच्या अंगावर नेऊ व्हय?" नवऱ्यासकट टोळी गेली.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "ही अंधश्रद्धा म्हणायची का शहाणपण? डॉक्टरही हेच सांगतात, फक्त देवीचं नाव घेत नाहीत. माझं तर डोकंच चालेना."

"तुमचं डोकं सावकाश चालू द्या," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "तितं रानात आता त्या दोघीच हायेत. गाडी काढा, पोरीला बारामतीच्या दवाखान्यात नेऊ."