वर राहिलेला अंगठा

आमच्या बाप्तिस्त मंडळीतल्या या काकांनी अगदी वैताग आणलाय. रेवदंड्याच्या खाडीत कुणाचाही बाप्तिस्मा असो, हे काठावरून ओरडणारच, "कोपर वर ऱ्हायला! पुन्हा बुडवा!" माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, हा आमचा विश्वास खरा, पण माझ्या बायकोला यांनी नाकातोंडात पाणी जाईस्तोवर बुडवायला लावलं.

गेल्या रविवारी काका स्वतःच पाण्यात उतरले. मला म्हणाले, "तरनेपनी माझा बाप्तिस्मा झाला तवा पायाचा अंगठा वर ऱ्हायलेला. कुनी बगितला न्हाय, पन मला ठाव हाय. आता तू नीट बग."

पाळकसाहेबांनी नाइलाजाने त्यांना मागे झुकवून बुडवलं. अंगठा पुन्हा वर आला.

"गेलात काका, अख्खे गेलात!" मी काठावरून ओरडलो.