दोन सीटांची गाडी

आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या मित्राने अंगणात रेसची गाडी बनवली, ते मी लग्न होऊन बालाघाटला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी. हे कचेरीत कारकून. मित्र राईस मिलचा ट्रक चालवायचा. ह्यांनी कुठल्याशा मासिकात तशा गाडीचा फोटो पाहिला आणि झोप उडाली. दोघांनी भंगारातून जुन्या जीपचा सांगाडा आणि इंजिन आणलं. डांबराची पिंपं कापून, ठोकून ठोकून वरचं अंग केलं. पत्रा धरायला मी.

"भाभी, हात सांभाळा," मित्र म्हणायचा, "भाऊचा हातोडा खिळा सोडून सगळीकडं पडते."

छप्पर नव्हतं. सीटा दोनच. बसलेला माणूस इतका खाली जायचा की आमची बकरी त्याच्याकडे वरून बघायची. मला मात्र गाडी फार आवडली होती. लाल रंग लागल्यावर तर भात चुलीवर ठेवून मी दारात येऊन बघायची. इंजिन चालू असताना तिच्यात बसून एकदा जवळच्या वारासिवनी गावापर्यंत जायचं, एवढंच मनात होतं. बोलले कोणाला नाही.

गाडी तयार झाली तेव्हा सासरे म्हणाले, "नवं वाहन हाय. पयले घरची लक्ष्मी बसन, देवळात नारळ फुटन. मंग कोणाले बसाचं ते बसा."

मी ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आले, तर दोघे मित्र मान खाली घालून उभे. इतके दिवस खपले, पण एक गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. गाडी चालवता येत होती फक्त मित्राला. तो चालवणार म्हणजे शेजारी मी. भर बाजारातून, उघड्या गाडीत, सून परक्या पुरुषाला खेटून निघणार.

"तिसरी सीट करता येत नोहोती का?" सासूबाईंनी विचारलं.

"रेसची गाडी हाय माय. तिले दोनच राह्यतात."

"रेस कोनासंग लावतं? बकरीसंग?"

शेवटी मित्रच म्हणाला, "भाऊ, तू भाभीजवळ बस. स्टेअरिंग धर फक्त. मी ढकलतो."

तशी निघाली आमची रेसची गाडी. ह्यांनी स्टेअरिंग असं आवळलं होतं की जणू वाऱ्याशी शर्यत आहे. मला हळूच म्हणाले, "भेऊ नको." तेवढ्यात डोक्यावर घागर घेतलेली एक म्हातारी आमच्या बाजूने पुढे निघून गेली.

पानठेल्यावरून कोणी ओरडलं, "क्यों भैया, इसमें इंजन नहीं है क्या?"

"है ना," मागून मित्र धापा टाकत म्हणाला, "पीछे लगाया है. भात खाता है."

देवळापाशी नारळ फुटला. कुंकू लावायला मी उतरले. मागे वळले तर मित्र स्टेअरिंगवर आणि हे माझ्या जागेवर. इंजिन धडधडलं आणि दोघे वारासिवनीच्या रस्त्याला लागलेसुद्धा.

गाडीमागून चालत आलेल्या सासूबाई आणि मी पायी घरी निघालो.

"कसं वाटलं व सूनबाई, बसून?"

"इंजिन चालू असतं त..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

संध्याकाळी हे परतले, तशा सासूबाई दारातच म्हणाल्या, "उद्यापासून त्याच्याजवळ गाडी शिक. हिले वारासिवनीले नेल्याबिगर तुह्या गाडीले ह्या अंगणात जागा नाही."

हे शिकले. मग एका सकाळी आम्ही दोघंच निघालो. ह्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. इंजिनाचा आवाज एवढा की त्यांना काही ऐकू येत नव्हतं. घरात मी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. त्या दिवशी मनात येईल ते मोठ्याने बोलत गेले, पार वारासिवनी येईपर्यंत.