बांधावरचा ट्रायपॉड

उतरत्या उन्हात हातातला कॅमेरा हलतो आणि फोटो धूसर येतो, म्हणून मी ट्रायपॉड घेतला होता. कोळवणच्या आमच्या भातखाचरात तो बांधावर लावून मी वाकून बघत होतो. मागून माझे सख्खे चुलते हाक मारत आले, “सायेब, मोजणी उद्या हाय न्हवं? गिऱ्हाईक बी उद्याच येनार हाय.”

जमीन मोजायचं यंत्रही असंच तीन पायांवर असतं. मी वळलो तसे ते जागीच थिजले. जमीन दोघा भावांची सामाईक, आणि माझ्या बापाला विक्रीचा पत्ता नाही. सकाळी आमच्याच ओट्यावर चहा ढोसताना यांचं तोंड शिवलं होतं का?

मी कॅमेरा त्यांच्याकडे फिरवला. रागाने हात थरथरत होते, तरी फोटो लख्ख आला. त्यात ते बांधाकडे बघतायत, माझ्याकडे नाही.