आठ दिवसांचा ताप

ती भाताचं ताट हातात धरूनच खाली कोसळली. पोटाला हात लावला तर लाकडासारखं कडक. उचलून नेतानाही म्हणत होती, "ड्युटीला उशीर होईल."

बारामतीत नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करायची. नव्वद सालानंतरची गोष्ट. ही मुलगी निमगाव केतकीकडची, शेवटच्या वर्षाला होती. बाप पूर्वी मेंढरं राखायचा, मग शेती करू लागला. त्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती एकटीच. वॉर्डात पलंग लावताना चादरीचा कोपरा चार-चार वेळा मोडून पुन्हा घालायची. मैत्रिणी चिडवायच्या, "अगं, पेशंटला टेकू दे की आता! उभाच ठेवतीस व्हय त्याला?" ती हसायची नाही.

कोसळली त्याच्या आठ दिवस आधी ताट देताना तिचा हात लागला. चटकाच बसला.

"ताप हाय की गं तुला. वसतिगृहाच्या बाईंना सांगते."

"नका मावशी, पाया पडते. हजेरीला आजारी लावलं की तेवढे दिवस भरून द्यावे लागतात. न्हाय भरले तर परीक्षा न्हाय. सहा महिने मागं राहीन."

"मग ऱ्हा. त्यानं मरतीस का?"

"घरचे थांबायचे न्हाईत. लगीन लावून देतील."

मी कुणालाच सांगितलं नाही. तिला पेज करून देत राहिले. मी चौथी शिकलेली. वाटलं, पोरगी औषधपाण्यातली आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

टायफॉइड होता. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिची गादी उचलली तर खाली तापाचा तक्ता मिळाला. वॉर्डात पेशंटच्या पायथ्याशी लावतात तसा, पण तिचा स्वतःचा. आठही दिवस, दर चार तासांचा ताप, रेघा पट्टीनं ओढलेल्या, कुठं खाडाखोड नाही. शिकवणाऱ्या बाईंनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "इतका चांगला तक्ता मला आजवर कुणी दाखवला नाही," म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या.

बाप एसटीनं आला. "एवढ्या बायकांत कुणालाच कसं कळलं न्हाय?"

"मला ठावं हुतं," मी म्हणाले.

तो म्हणाला, "तुमी तर थोरल्या हुता, बाई."

तिच्या वर्गातल्या मुली परीक्षेला बसल्या, पास झाल्या, नोकऱ्यांना लागल्या. मी आणखी सात वर्षं तिथंच भाकरी थापल्या. ती गेली. मी अजून जिवंत आहे.